विमान दुरुस्तीत आहे

नवा मिक्सर बिघडला की शहाणा माणूस पावती शोधतो. मॉडर, म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या खेळात स्वतः बदल करत बसणारा माणूस, स्क्रूड्रायव्हर शोधतो.

हा प्राणी मुख्यतः अमेरिकेत आणि युरोपात सापडतो. वय पन्नाशीच्या पुढे. टेबलावर महागडी जॉयस्टिक, तिच्यावर धूळ. धुळीचं कारण पुढे येईल.

डिसेंबर १९९८मध्ये मायक्रोप्रोजचा ‘फाल्कन ४.०’ बाजारात आला. एफ-१६ विमानाचा खेळ, सोबत पाचशेहून अधिक पानांचं बाड. आपल्या माणसाने ते नाताळच्या सुट्टीत पोथीसारखं वाचून काढलं. खेळातलं कोरियाचं युद्ध असं रचलेलं, की तुम्ही कॉफी करायला उठलात तरी रणगाडे पुढे सरकत राहतात. पण खेळात चुकाही एवढ्या, की शत्रूचं क्षेपणास्त्र पोचायच्या आत खेळच कोसळायचा. विमान पाडण्याचं श्रेय बहुतेक वेळा विंडोजकडे जाई.

कंपनीने वर्षभर ठिगळं लावली आणि डिसेंबर १९९९मध्ये खेळ बनवणारा स्टुडिओच बंद झाला. २०००मध्ये खेळाचा सोर्स कोड बाहेर फुटला. वकिलांच्या भाषेत ही चोरी. आपल्या माणसाला मात्र गेलेल्या काकांच्या कपाटाची किल्ली सापडल्यासारखं झालं. ‘जरा बघतो’ म्हणून तो जो बसला, तो अजून उठलेला नाही.

आधी त्याने कोसळणं आवरलं. मग आभाळ बदललं, मग कॉकपिट, मग कॉकपिटातलं एकेक बटण. खऱ्या एफ-१६ची दिशादर्शक यंत्रणा नीट जुळायला आठेक मिनिटं लागतात, तर इथेही लागलीच पाहिजेत, हा त्याचा हट्ट. कंपनीने आठ मिनिटं ताटकळत ठेवलं असतं तर याने पैसे परत मागितले असते. स्वतः ठेवलं की त्याला अस्सलपणा म्हणतात.

अर्थात एवढ्या भक्तीत संप्रदाय पडणारच. कुणी फ्रीफाल्कन गटाचा, कुणी बीएमएस गटाचा. एकाच मोडक्या विमानाचे दोन कारखाने, आणि समोरच्याला पाना धरता येत नाही यावर दोघांचा ठाम विश्वास.

“जेवायला येतोयस ना?” बायको विचारते.

“एवढं रडार झालं की आलोच.”

हा संवाद २००६चा. परवाही तोच झाला, फक्त रडार नवीन होतं.

“अरे, पण तू उडवतोस कधी?” असं विचारलं तर तो दुखावतो. “उडवतो की! मागच्या रविवारीच उडालो. वरून पाहतो तर धावपट्टीचा एक दिवा चुकीच्या रंगाचा.” मग? मग काय, विमान हवेत तसंच सोडून साहेबांनी फाइल उघडली. जॉयस्टिकवर धूळ बसते ती अशी.

२०११मध्ये बीएमएसची ४.३२ आवृत्ती आली, तीही फुकट. पुढे डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवून थेट कॉकपिटात बसायचीही सोय झाली. अट एकच: संगणकावर मूळ ‘फाल्कन ४.०’ हवा. तो सापडला नाही, तर हे सगळं वैभव बसवताच येत नाही.

म्हणून १९९८ची ती सीडी त्याच्या कपाटात मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेली आहे. “कसा होता रे मूळ खेळ?” कुणी विचारतं.

“भिकार,” तो म्हणतो, आणि सीडीवरचा बोटाचा ठसा हलकेच पुसतो.