सालोमालो म्हणे...

मराठीतल्या ऑनलाइन साहित्यसमूहांना अजून कुलदैवत मिळालेले नाही, ही गोष्ट काही बरी नव्हे. गणपती आहे, शारदा आहे; पण ही मंडळी पडली जुन्या वळणाची. त्यांची पूजा केली की मग स्वतः लिहावे लागते. सध्याच्या उलाढालीला साजेसे दैवत हवे असेल तर ते देहूत सापडेल. आम्ही सालोमालोंचे नाव सुचवतो.

सालोमालो हे तुकोबांच्या काळातले. तुकोबांचा अभंग उचलायचा, शेवटच्या चरणातले 'तुका म्हणे' काढून तिथे आपले नाव बसवायचे आणि कीर्तनात वाहवा मिळवायची, अशी त्यांची ख्याती परंपरेने सांगितली आहे. तुकोबा इतके वैतागले की त्यांनी सालोमालोंवर अभंग केले. ते गाथेत आहेत. प्रभातच्या 1936 सालच्या 'संत तुकाराम'मध्ये तर हे गृहस्थ तुकोबांवरच चोरीचा आळ घेतात. म्हणजे मजकूर उचलणे, खालचे नाव खोडणे आणि मूळ लेखक बोलला की त्यालाच चोर ठरवणे, या सगळ्या विद्या एकाच माणसाला अवगत होत्या, आणि तेही नेट नसताना. यांचा फोटो समूहाच्या डीपीला लावायला काय हरकत आहे?

परवाचेच पाहा. एका भल्या मोठ्या कथासमूहात (नाव सांगत नाही, प्रत्येकाला तो आपलाच वाटेल) एका दादांची कथा झळकली. नवी सून, माळ्यावरची पितळी परात, अबोल सासूबाई. कथा मूळची एका ताईंची, त्यांच्या भिंतीवर कधीची पडलेली. ती आपली करून घेताना दादांनी मेहनत घेतली नाही, असे कोणी म्हणू नये. इंग्रजीतल्या चोराचे बरे असते, तिथला 'मी' बाई की बाप्या हे क्रियापद सांगत नाही. मराठीत चोराला एकेक क्रियापद गाठून त्याचे लिंग बदलावे लागते. दादांनी 'मी आले'चे 'मी आलो' केले, 'थबकले'चे 'थबकलो' केले, पदर होता तिथे रुमाल घातला. चौथ्या परिच्छेदापर्यंत दम टिकला. पाचव्यात एक वाक्य तेवढे राहून गेले: 'तेव्हा मला सातवा महिना लागला होता.'

खाली प्रतिक्रियांचा पाऊस. 'निःशब्द!' 'दादा, रडवलंत.' 'तुमच्या लेखणीला सलाम.' 'पुढचा भाग कधी?' दादांना सातवा महिना कसा काय लागला, हे एकानेही विचारले नाही. समूहातल्या लाखभर सदस्यांपैकी वाचणारे किती, याचा अंदाज यावरून यावा.

मग ताई आल्या. 'ही माझी कथा आहे' म्हणत त्यांनी मूळ लिंक दिली. दादांचे पहिले उत्तर, 'मी लिहिली असे कुठे म्हटले आहे?' (वर नाव, खाली मोबाइल नंबर.) त्यानंतर 'मला वॉट्सॲपवर आली होती.' त्यानंतर 'तुमचीच कथा चार लोकांपर्यंत पोचवली, आभार मानायचे सोडून भांडताय!' आणि शेवटी हुकमाचा एक्का: 'कल्पनेवर कोणाची मालकी नसते, सुप्रीम कोर्टाने सांगितले आहे.' सांगितले आहे, खरे आहे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स, 1978. पण कल्पना सर्वांची असली तरी मांडणी ज्याची त्याची, हेही त्याच निकालात आहे. आणि दादांची मांडणी ताईंच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट जुळत होती.

रात्री उशिरा ॲडमिनसाहेबांनी निवाडा केला. 'दोघांनीही समजुतीने घ्यावे. समूहाचे वातावरण बिघडवू नये. कमेंट बंद करत आहे.' सकाळी वातावरण खरोखरच सुधारले होते, कारण ताईंना समूहातून काढले होते.

हेच ॲडमिनसाहेब एरवी चोरीच्या बाबतीत फार कडक आहेत बरे का. त्यांच्या दिवाळी अंकासाठी कॉलेजातल्या एका मुलीने फास्टर फेणेवर कथा पाठवली. फुरसुंगीचा बन्या आता सत्तरीला टेकलेला, गुडघे कुरकुरतात, पण सायकल सुटत नाही. आणि पुण्यातल्या खोळंबलेल्या रहदारीत तो बरोब्बर एका मोबाइलचोराला गाठतो, कारण चोर मोटारीत अडकलेला असतो. पोरीने पहिल्याच ओळीत लिहिले होते: 'बनेश फेणे हे पात्र भा. रा. भागवतांचे. गोष्ट तेवढी माझी.' बन्याचा 'ट्टॉक'सुद्धा तिने अवतरणचिन्हांत ठेवला होता, न जाणो कोणाला तो तिचाच वाटायचा. कथा परत आली. शेरा असा: 'उसन्या पात्रांवरील साहित्य स्वीकारले जात नाही. कृपया स्वतःचे लिहावे.'

कायद्याचा कीस काढला तर मुलीलाही परवानगी विचारता येईल. भागवत 2001 मध्ये गेले, आणि आपल्या 1957 च्या कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. पण ॲडमिनसाहेबांचा आक्षेप तो नव्हताच. पात्र उसने, एवढाच होता. उत्तम नियम आहे; मागच्या तारखेपासून लावावा. शिवाजी सावंतांची 1967 सालची 'मृत्युंजय' साभार परत, कर्ण व्यासांचा आहे. खांडेकरांची 'ययाति' परत, ज्ञानपीठासकट. शकुंतला कुठून आणली, याचा खुलासा कालिदासांनी सात दिवसांत करावा.

ज्याची गोष्ट आवडली त्याच्याच अंगणात आपली गोष्ट मांडायची, याला आता फॅन फिक्शन म्हणतात. आपल्याकडे ते पैठणच्या वाड्यातही झाले. एकनाथांचे भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरे राहिले, ते गावबा नावाच्या शिष्याने पुरे केले आणि मुद्रा नाथांचीच ठेवली, असे सांगतात. सालोमालोंना हा प्रकार कळला असता तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. लिहायचे आपण आणि नाव दुसऱ्याचे? अर्थात गावबांचे वंशजही आज आहेतच. पु. ल. 2000 साली गेले, वॉट्सॲप 2009 साली आले, तरी मोबाइलच्या वेडावर 'पुलं'नी केलेले खुसखुशीत विनोद आम्हाला नेमाने येतात. पण गावबांचे लेखन निदान वाचवते.

आणि नाथ काही ढिले ॲडमिन नव्हते. नकलाकारांनी ज्ञानेश्वरीत आपल्या ओव्या घुसडून ठेवल्या होत्या. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या, 1584 साली पोथी शुद्ध केली आणि शेवटी तंबी दिली की यापुढे कोणी यात आपली ओवी घालील तर ती अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखी दिसेल. 'दोन्ही बाजूंनी समजुतीने घ्यावे' असे ते म्हणाले नाहीत.

परदेशातल्या फॅन फिक्शनवाल्यांकडे, म्हणजे ज्यांचा सगळा संसारच उसना त्यांच्याकडे, हा हिशेब चोख असतो. फॅनफिक्शन डॉट नेटवर हॅरी पॉटरच्या दुनियेवर लिहिणारी एक अफाट लोकप्रिय लेखिका होती. हॅरी रोलिंगबाईंचा, ड्रेको रोलिंगबाईंचा, शाळाही त्यांचीच. वाचकांची त्याला काही हरकत नव्हती. पण एका वेगळ्याच कादंबरीतले उतारे श्रेय न देता आल्याची तक्रार झाली, आणि 2001 मध्ये तिला तिथून काढून टाकले. पुढे 2009 साली 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे दुसरे भांडार उघडले. तिथेही पात्र कोणाचे हे सांगून हवे तेवढे लिहा. दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून टाकला तर तो काढतात. बिनपगारी स्वयंसेवक हे सगळे सांभाळतात. 2019 मध्ये या भांडाराला ह्यूगो पुरस्कार मिळाला. आमच्या ॲडमिनसाहेबांनाही पुरस्कार आहे. तो त्यांनीच स्थापन केला आहे.

ताईंना मात्र आम्ही सर्व्हान्टेसचा मार्ग सुचवू. त्याचा 'डॉन किहोते' गाजल्यावर 1614 साली कोणा अव्हेयानेदाने, तेही टोपणनावाने, परस्पर दुसरा भाग काढला. सर्व्हान्टेसने पुढच्याच वर्षी आपला खरा दुसरा भाग छापला आणि त्यात खुद्द किहोतेच्या कानावर ती खोटी कादंबरी घातली. तिच्यात आपल्याला झारागोझाला नेले आहे हे कळताच किहोते वाट बदलून बार्सिलोनाला जातो. शेवटी सर्व्हान्टेसने नायकाला मारूनच टाकले, म्हणजे तिसरा भाग काढायची कोणाला सोय नको. ताईंनीही परातीचा दुसरा भाग लिहावा. त्यात सातव्या महिन्याचे एक गृहस्थ तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपर काढायला रांगेत उभे असावेत.

ते होईपर्यंत मूळ पोस्टची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, दोन्ही लिंका जपा आणि समाजमाध्यमाच्या कॉपीराइट तक्रारीच्या अर्जात भरा. नोंदणी केलेली नसली तरी हक्क लेखकाचाच असतो, आणि हक्क विकून टाकला तरी 'हे मी लिहिले' म्हणण्याचा अधिकार कलम 57 प्रमाणे सुटत नाही. ॲडमिनकडे जायची गरज नाही. ते कामात आहेत. यंदाच्या दिवाळी कथास्पर्धेला त्यांनी परीक्षक म्हणून दादांना नेमले आहे. भाग घेणाऱ्या ताईंनी क्रियापदे आधीच पुल्लिंगी करून पाठवावीत, म्हणजे दादांचा वेळ वाचेल.