आधी ताट, मग करिअर

वऱ्हाडातल्या वाणिज्य आणि व्यवस्थापन विभागांत हल्ली उद्योगजगताशी संवाद जेवणाच्या ताटावरच होतो. पाहुणा मुंबईचा, विषय भांडवलबाजाराचा आणि उपदेश एकच: ओळखी वाढवा. वऱ्हाडाला बाजार शिकवणं धाडसाचंच. कारंज्याला नियंत्रित कापूसबाजार १८८६ मध्ये सुरू झाला, १८९७ मध्ये त्यासाठी कायदाही आला. अडत, उधारी, भावातली जोखीम हा वित्ताचा निम्मा अभ्यासक्रम अकोल्याच्या बाजार समितीत रोज उघडा असतो. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं सोयाबीनचे वायदे थांबवले, त्याचा अर्थ तिथल्या अडत्याला ठाऊक आहे. वक्त्यांच्या यादीत मात्र तो सहसा नसतो, कारण त्याच्याकडे स्लाइड नसतात.

नोकऱ्या मुंबई-पुण्यात आहेत, हा आक्षेप रास्त आहे. पण नुसती ओळख मुलाखतीच्या दारापर्यंतच नेते. आत हिशेबच बोलतो. जेवणानं संकोच मोडतो म्हणावं, तर पाहुणे राखीव टेबलाशी आणि विद्यार्थी बुफेच्या रांगेत. ओळख होते ती वाढप्याशी. अमरावती विद्यापीठ ज्यांचं नाव लावतं ते गाडगेबाबा आधी गाव झाडत, मग भाकरी घेत. आयोजकांनी निदान एवढा क्रम तरी पाळावा.