पेडणे वजा डिचोली

माझं घर पेडण्यात, सासुरवाडी डिचोलीत. दोहोंत थोर कोण, हा आमच्या घरातला जुना खटला. बायकोच्या बाजूने मयेचं तळं आणि नार्व्याचा सप्तकोटेश्वर; माझ्या बाजूने भगवती आणि पेडण्याची पुनव. निकाल लागेना, तेव्हा मी प्रकरण पिनकोडाच्या कोर्टात नेलं.

पेडण्याचा पिनकोड ४०३५१२. नीट पाहा. शून्य ते पाच सगळे हजर, दोनदा कुणी नाही. डिचोलीचा ४०३५०४. तिथे शून्य दोन, चार दोन आणि एक नि दोन गैरहजर! शिवाय पेडण्याचे अवयव पाडले तर तीनदा २, मग ३, १७, २३, ४३. म्हणजे स्वभाव मोकळा, वाटणीला कधीही तयार. डिचोलीला चार वेळा दोनने भागलं की उरतात २५२१९. ही मूळ संख्या. कशानेही भाग जात नाही. इथे मला सासरेबुवा आठवले, पण मी ते बोललो नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर जिंकलो असतो. पण मला कापरेकर मास्तर आठवले. डहाणूला जन्मलेले, देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर. डोंबिवली स्टेशनावरून संख्यांना ‘डेम्लो’ नाव देणाऱ्या माणसाला लोक हसले यात नवल नाही; नवल हे की जग पुढे त्यांचा ६१७४ गिरवू लागलं. चार आकडी संख्या घ्या, सगळे आकडे सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा. येईल त्याचं पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि तिथेच ठाण मांडतो.

सहा आकड्यांचं एवढं सरळ नाही. काही संख्या ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर आणि उरलेल्या सात संख्यांच्या रिंगणात फिरत राहतात. मी पेडण्याला वजाबाकीला बसवलं आणि पेडणं थेट ६३१७६४ वर आलं. पोटात चक्क ६१७४! मी कागद फडकवत स्वयंपाकघरात गेलो.

बायको वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर वाढलेली. तिने सुंगटं सोलता सोलता कागदावर नजर टाकली.

“हातचा घेतलात, तो परत कोण देणार?”

पुन्हा मांडलं. ५४३२१० वजा ०१२३४५ म्हणजे ५३०८६५. मग ८२९९६२, ७७१७२३, ६५३५४४. तिने हात धुऊन शेजारी डिचोली मांडली: ५४०८५५, ८०९९८२, ९६९९२१, ८७२६२२ आणि... ६५३५४४! दोघांनी एकमेकांच्या कागदात डोकावून पाहिलं. मीही तिचे हातचे तपासले. चूक नव्हती. पुढे दोन्ही गावं एकाच वाटेने ८५१७४२ ला लागली आणि त्या सातांच्या रिंगणात शिरली, ती कायमचीच. आमची सप्तपदी निदान एकदाच झाली होती.

“तरी पेडणं एक वजाबाकी आधी पोचलं,” मी म्हणालो.

“आणि पोचून केलं काय? वाट बघितली.”

ते मात्र खरं. लग्नाच्या दिवशीही आमचं वऱ्हाड डिचोलीत असंच आधी पोचलं होतं आणि मांडवात पंखे लागायचे होते.