विमानराव

घराशेजारच्या उपाहारगृहात जेवणे ज्यांना कमीपणाचे वाटते असे गृहस्थ सर्वत्र आढळतात. पुण्यात असले तर ते मिसळीसाठी कोल्हापूर गाठतात, मुंबईत असले तर माशांसाठी अलिबागच्या लाँचमध्ये बसतात. परंतु कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आमच्या विमानरावांनी या प्रवृत्तीला जी उंची प्राप्त करून दिली आहे, ती सुमारे तीन हजार फुटांची आहे. पालो आल्टोच्या विमानतळावरून चार आसनांचे सेसना १७२ भाड्याने घ्यायचे, सांताक्रूझचे डोंगर ओलांडून पॅसिफिकच्या काठी हाफ मून बेच्या धावपट्टीवर उतरायचे, तेथून पायी प्रिन्स्टन नावाच्या मच्छीमार वस्तीत जाऊन चिंबोरी खायची आणि आल्या वाटेने परतायचे, हा त्यांचा शिरस्ता. विमान हवेत असते जेमतेम वीस मिनिटे. त्याआधीचे सव्यापसव्य दोन तासांचे. तिकडच्या हौशी वैमानिकांनी असल्या भोजनाला ‘शंभर डॉलरचा हॅम्बर्गर’ असे नाव फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. ते स्वस्ताईचे दिवस असावेत.

शनिवारी सकाळी दूरध्वनी वाजतो. क्षेमकुशल नाही, नमस्कार नाही, एकदम प्रश्न येतो, “वजन किती?” टाक्या काठोकाठ भरल्या तर या विमानात चार धष्टपुष्ट माणसांना वाव उरत नाही, आणि भार प्रमाणाबाहेर मागे सरकला तर त्याचा तोल बिघडतो, हे शास्त्र निर्विवाद आहे, आमची हरकत असलीच तर ते ज्या आवाजात आणि ज्या मंडळींसमक्ष सांगितले जाते त्याला आहे. साखरपुड्याच्या पंगतीत, गणपतीच्या आरतीनंतर, एकदा तर एका नवपरिणीत वधूला आशीर्वाद देताना, विमानरावांनी हाच प्रश्न विचारलेला आम्ही ऐकला आहे.

गेल्या वर्षी पुण्याहून एक सेवानिवृत्त बँक-अधिकारी सपत्नीक आले होते. त्यांनी आपले वजन सत्तर किलो असल्याचे निवेदन केले, ते बहुधा त्यांच्या विवाहसमयीचे असावे. विमानरावांनी काही न बोलता मोटारीतून न्हाणीघरातला काटा काढला, विमानाच्या पंखाखाली सपाट जागा पाहून ठेवला आणि साहेबांना वर चढवले. काटा चौऱ्याऐंशीवर स्थिरावताच त्यांनी वहीतला आधीचा आकडा एका रेघेने खोडला आणि त्या खाडाखोडीशेजारी साहेबांची सही घेतली. दप्तरात खाडाखोड विनासही ग्राह्य नसते, हे बँकवाल्यांना समजावण्याची गरज पडली नाही. बाईंनी मात्र काट्यावर पाऊल ठेवण्यास साफ नकार दिला, आमच्या सौभाग्यवतींबरोबर मोटारीने घाट उतरून त्या आमच्याआधी तिथे पोचल्या, आणि आम्ही टेबलाशी आलो तेव्हा त्यांचे सूप अर्धे संपले होते.

मध्यंतरी इकडे विमानरावांचे उपचार चाललेले. टाकीतून थोडे इंधन छोट्या पेल्यात काढायचे, ते आकाशाकडे धरून निळेच आहे ना आणि तळाशी पाणी तर नाही ना, याची खातरजमा करायची. मग विम्याच्या दलालाच्या गांभीर्याने आर्थिक तपशील विशद करायचा: खासगी परवानाधारकास प्रवाशांकडून भाडे घेता येत नाही, खर्च वाटून घेता येतो, मात्र वैमानिकाने आपल्या वाट्यापेक्षा कमी भरल्यास तो कायद्याचा भंग होतो. “तेव्हा माझा हिस्सा मी भरणारच, आग्रह करू नका,” असे ते बजावतात. आग्रह आजवर कोणी केलेला नाही.

हाफ मून बेला नियंत्रण मनोरा नसल्याने येणाऱ्या वैमानिकाने आपले ठिकाण रेडिओवर स्वतःच जाहीर करायचे असते, आणि प्रत्येक उद्घोषणेच्या आरंभी व अंती गावाचे नाव घ्यायचे असते. ही तरतूद जणू विमानरावांच्या स्वभावाकडे पाहूनच केलेली. आकाशात दुसरे पाखरू नसले तरी ते गावाला उद्देशून भारदस्त स्वरात आपल्या आगमनाची वर्दी देतात, आणि गाव आपल्या कामात असते.

प्रिन्स्टनच्या बंदरात खेकड्यांचे पिंजरे रचलेले असतात, वाऱ्याला खारट वास असतो, आणि एका वाडग्यात तिसऱ्यांची दुधाळ खीर मिळते, जी मालवणी माणसाने डोळे मिटून खावी. चिंबोरी मात्र अव्वल असते. ती फोडता फोडता विमानराव हिशेब मांडतात: येताना सुमारे तीन गॅलन जळाले, गॅलनला सहा पौंड, म्हणजे अठरा पौंड, सबब चौघांनी मिळून अठरा पौंडांपर्यंत निःशंक जेवावे. स्वतः ते बिअरच्या पेल्याकडे एकदा पाहतात आणि पाणी मागवतात, कारण मद्यानंतर आठ तास विमानाला हात लावता येत नाही. फुशारकी मारणाऱ्या माणसाकडून असा संयम आम्हांस अपेक्षित नव्हता.

उन्हाळ्यात, म्हणजे भारतातून पाहुणे येण्याच्या नेमक्या दिवसांत, थंड समुद्रावरून धुके किनाऱ्यावर चढते. एकदा डोंगरमाथा ओलांडताच खाली पांढरा थर दिसला. धावपट्टी नाही, बंदर नाही. उपाशी पाहुणे “जरा खाली जाऊन पाहू या की,” म्हणत होते. एरवी तासभर व्याख्यान देणाऱ्या विमानरावांनी अवाक्षर न काढता विमान वळवले आणि दुपारी सर्वांना इडली-सांबार खाऊ घातले. त्या दिवशीचे बिल त्यांनी एकट्याने भरले.

त्यांची ती वजनाची वही एकदा आमच्या हाती आली. जुन्या पानांवर त्यांच्या आईवडिलांच्या नोंदी होत्या. पहिल्या भेटीला आई १३४ पौंड, वडील १५८. पुढच्या खेपेला आई १२१, वडील १३९, आणि तारखेखाली त्यांच्याच अक्षरात, ‘डॉक्टरांना दाखवावे’. त्यानंतरच्या पानावर फक्त आई: १०३. आई पुढच्या आसनावर बसली होती, असे त्यांच्या पत्नीने नंतर सांगितले, मांडीवर थालीपिठांचा डबा होता, तिने चिंबोरीला हात लावला नाही, आणि परतताना “इतक्या लांब येऊन माझं वजनच काय विचारतोस रे?” एवढेच म्हणाली. त्या दिवशी मागच्या एका आसनाचा रकाना त्यांनी कोरा ठेवला होता. आम्ही वही जागेवर ठेवून दिली, व त्या विषयावर विमानरावांना आजवर काही विचारलेले नाही.

माणूस त्रासदायक आहे, यात आमचे मत बदललेले नाही. तरीही एखाद्या शनिवारी तुम्हांला त्यांचा दूरध्वनी आलाच, तर जरूर जा. न्याहारी बेताची करा, खर्चाचा हिस्सा रोख जवळ ठेवा, आणि वजन खरे सांगा.