परक्या भुतांची भरती

हॅलोवीनने संस्कृती बुडते, अशी ओरड सुरतेतल्या डिंडोलीत तरी कुणी करू नये. लूमवर पोट भरायला खानदेशातून आलेल्यांनी ही वस्ती गजबजली. इथे बहुतेक जण बाहेरूनच आलेले, मग एका परक्या भुताकडेच रहिवासी दाखला का मागायचा? अदृश्य मंडळींशी आपला व्यवहारही जुनाच. दिवाळीतल्या काळी चौदसला गुजराती बाई घरातला कलह बाहेर काढायला चौकात वडे ठेवून भोवती पाण्याचं रिंगण करते. खानदेशी घर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर पुजून सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवतं. 2024 साली तर नरक चतुर्दशी हॅलोवीनच्याच दिवशी, 31 ऑक्टोबरला आली, म्हणजे देशी-परदेशी दोन्ही खाती एकाच दिवशी उघडी!

कुणी म्हणेल, पोरांची मौज ती, एवढं काय मनावर घ्यायचं? मौजेला हरकत नाहीच. आणि वेश पॉलिएस्टरचा असेल तर त्यात सुरतेचा हात कोण धरणार! हरकत आहे ती देशी भुतांच्या बेकारीला. ही बेकारी एकट्या आपलीच नाही. तिकडे त्रिनिदादमध्ये सुकुयाँ, डुएन अशी अस्सल गावठी भुतं असताना हॅलोवीनला मागणी मात्र व्हॅम्पायरला. इकडे पिंपळावरचा मुंजा आणि विहिरीवरची हडळ हात चोळत बसलेली. चौकातल्या वड्याला मूठभर पीठ लागतं, मॉलमधल्या मुखवट्याचं बिल होतं. म्हणूनच वडा अंधश्रद्धा ठरतो आणि मुखवटा इव्हेंट. तेव्हा पालकांनो, पोराला भूत जरूर करा, पण यंदा मुंजा करा. लंगोटी, जानवं आणि शेंडी एवढ्यात भागतं.