पाणीदार तात्या

तात्यांच्या लेखी सांगली नावाचा जिल्हाच नाही. आहे तो दक्षिण सातारा. १९४९ साली वेगळा काढला आणि १९६० साली नाव बदललं, एवढंच. "वाटणी झाली म्हणून भावकी सुटते व्हय?" असं ते विचारतात, आणि समोरचा सांगलीचा असेल तर उत्तराला थांबत नाहीत.

तात्या पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. उभी हयात पाण्याचे आकडे लिहिण्यात गेली. त्यामुळं नातवंडांच्या वाढदिवसाची तारीख चुकेल, पण कोयना धरण १०५.२५ टीएमसीचं हे झोपेतही चुकणार नाही. दाढीला गरम पाणी हवं असलं तरी काकूंना "विसर्ग वाढवा" अशी सूचना जाते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. साताऱ्यात टीव्हीसमोर बसलेल्या तात्यांचा चहा निवून गेला. "महाबळेश्वरात पडला तो पाऊस आपला. माहुलीला वेण्णा मिळाली, ती आपली. कऱ्हाडात कोयना मिळाली, तीही आपलीच. शेजाऱ्याच्या परड्यात आपली म्हैस शिरली, तर दावं घेऊन कुणी जायचं?"

म्हणून दिवाळीनंतर आम्ही चौदा जण दावं घेऊन, म्हणजे थापी, घमेली आणि एक मोठा बॅनर घेऊन, भिलवडीच्या पुढच्या एका गावात पोचलो. एका आज्जींचं मातीचं घर पुरात बसलं होतं. जोतं गावातल्या मिस्त्रींनी आधीच घालून ठेवलं होतं. त्यावर दोन खोल्या उभ्या करायच्या होत्या. चौदांपैकी सहा जण काम करणारे, पाच जण सल्ला देणारे आणि उरलेले तिघं फोटोत मागं भिंत येते का ते बघणारे. आज्जींनी पत्र्याच्या शेडात चूल मांडून दोन दिवस चौदा माणसांच्या भाकरी थापल्या. कुणी कुणाला मदत केली, याचा हिशेब मांडायला तात्यांसारखा हेडक्लार्कच पाहिजे होता. पण ते तेव्हा तिसरी भाकरी मोडत होते.

तात्यांना सगळंच करायचं होतं. आधी ते माल कालवायला बसले. दहा मिनिटांनी मिस्त्री घमेल्यात डोकावले. "तात्या, आमटी झाली. वाढू का?" मग तात्यांनी वीट हातात घेतली. तीन थर रचून झाल्यावर मिस्त्रींनी ओळंबा सोडला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी म्हणाले, "भिंत चांगलीय. पण नदीकडं निघालीया."

तात्यांचा चेहरा उतरला. मिस्त्री मनानं मऊ. त्यांनी पाण्याचा पाइप उचलला आणि तात्यांच्या हातात दिला. "आता तुमचं खातं तुमच्याकडं. भिंतीला पाणी मारायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. वाळू द्यायची न्हाई."

त्या क्षणी तात्या पुन्हा नोकरीवर रुजू झाले. वही निघाली, रकाने आखले गेले. "पूर्वेची भिंत, विसर्ग सुरू!" पाइपच्या तोंडावर अंगठा धरून त्यांनी पहिलाच असा फवारा सोडला की ताजा सांधा धुऊन निघाला. मिस्त्री वरून ओरडले, "तात्या, दोनच दारं उघडा! सहाच्या सहा नगं!"

रविवारी संध्याकाळी भिंत छातीइतकी आली. बॅनर धरून फोटो झाला, नारळ फुटला, गाडी सुरू झाली. तात्या गाडीत नव्हते. पाइप घेऊन उत्तरेच्या भिंतीपाशी उभे होते.

"तात्या, चला की."

"तुम्ही व्हा पुढं. सिमेंट ओलं राहिलं तरच धरतं. आणि उद्या पाणी कोण मारणार, तुझा बॅनर?"

ते देवळात मुक्कामाला राहिले. मिस्त्री आणि त्यांची माणसं भिंत चढवत होती आणि तात्या मागोमाग भिजवत होते. रोज रात्री आम्हाला फोन यायचा आणि तो थेट पूरनियंत्रण कक्षातून आल्यासारखा असायचा. "दक्षिण भिंत, तीन वेळा. पश्चिम भिंत, तीन वेळा. परिस्थिती नियंत्रणात." काकूंना मात्र वेगळा फोन जायचा. कंबर धरलीय, तेल कुठलं लावू, असा. आज्जी त्यांना "आमचं पाटकरी" म्हणायला लागल्या आणि गावातली पोरं पाइप ओढायला मदतीला यायला लागली. साताऱ्यात बॅनरवाला फोटो सगळीकडं फिरत होता. त्यात तात्या नव्हते. तो काढला तेव्हा त्यांची दुपारची पाळी चुकली होती, ती ते भरून काढत होते.

तीन आठवड्यांनी परतले, तेव्हा हाताची बोटं धुणं धुतल्यासारखी पांढरी पडली होती. वही पूर्ण भरली होती. काकूंनी ती रद्दीत घालायला काढली. तात्यांनी परत कपाटात ठेवली.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली. आज्जी आधीच वरच्या आळीत लेकीकडं गेल्या होत्या. पाणी नव्या घरात शिरलं, काही दिवस मुक्काम करून गेलं. ओसरल्यावर तात्यांनी मिस्त्रींना फोन लावला. भिंत कशी आहे, हे विचारायला त्यांचा आवाज निघेना.

"उभी हाय," मिस्त्री म्हणाले. "गाळ काढतोय."

तात्यांनी चष्मा पुसला, कपाटातली वही काढली आणि शेवटच्या पानावर नोंद केली: "चारही भिंती. जादा पाणी मारून झाले."