एरंडोल, पारोळा, धुळे

पश्चिमेकडच्या मोठ्या विद्यापीठांची ग्रंथालये आपली जुनी हस्तलिखिते पाहायला येणाऱ्या अभ्यासकाला विमानभाडे देतात, वर महिनाभर राहण्याचा खर्चही. आपल्या खान्देशी अभ्यासकाला लागते फक्त एसटीचे तिकीट. जळगावहून निघाले, एरंडोल, पारोळा मागे टाकले की धुळे. तिथे राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागदांची दफ्तरे आहेत आणि समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून जमवलेली रामदासी बाडे. पण एवढ्या जवळचे अनुदान मागायचे म्हणजे अडचण. ‘संशोधनदौरा’ म्हणायला निदान एक समुद्र तरी ओलांडावा लागतो.

इतिहासाचार्य राजवाडे वाड्यावाड्यांतून, माळ्यामाळ्यांवरून कागद गोळा करत हिंडले आणि १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. १९२६च्या डिसेंबरात धुळ्यातच गेले, म्हणून बरे. आज असते तर मुक्कामाची मूळ पावती, तीन दरपत्रके आणि विनियोग प्रमाणपत्र यांत तेविसावा खंड सहज भरला असता. शिवाय अर्ज इंग्रजीत. आणि हा गृहस्थ हट्टाने मराठीतच लिहिणारा. पहिल्याच छाननीत बाद.

जळगावच्या होतकरूंना माझा सल्ला सोपा आहे. आधी लंडनला जावे. तिथून ‘पश्चिम भारतातील दुर्लक्षित दफ्तरे’ असा विषय घेऊन अर्ज करावा. धुळ्याला येण्याचे भाडे मिळेल, आणि पारोळ्याच्या थांब्यावरच्या चहाचेही.